आमडगावची त्रेसष्ट भोकं

मोरेश्वर निकोडेच्या हाताला गुण आहे, यावर आमडगावात दुमत नव्हतं. बावीस वर्षं त्याने बोअरची मशीन चालवली, आणि सहाशे फुटांच्या खाली जाणारी मशीन पंचक्रोशीत त्याच्या एकट्याकडे होती. पाणी लागलं की लोक म्हणत, मोरूभाऊचा हात. नाही लागलं की म्हणत, मालकाचं नशीब. माणसाला यापेक्षा सोयीचा धंदा मिळणं अवघड, आणि मोरेश्वरने त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मशीन विकून दहा वर्षं झाली तरी कोणाच्या घराचा पाया असो की दुकानाचं उद्घाटन, आमंत्रण पहिलं त्यालाच. तो नको नको म्हणत जायचा आणि टोपी ठीकठाक करून फोटोत मध्ये उभा राहायचा.

पण सन २०४३ मध्ये आमडगावात पाणी म्हणून जे काही होतं, ते मंगळवारी आणि शुक्रवारी टँकरने यायचं. टँकरला चालक नव्हता. तो आपला आपण वळण घेऊन चौकात येई, बरोबर चाळीस मिनिटं थांबे आणि कोणाची घागर अर्धी राहिली याची फिकीर न करता निघून जाई. "शिव्या द्याले तरी एखादा मानूस ठेवाले पायजे होता," असं बायका म्हणत. दोन वर्षांत हाही टँकर बंद होणार आणि गाव उठवून वरोऱ्याकडे नेऊन वसवणार, अशी नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली होती.

त्या उन्हाळ्यात मोरेश्वरची लेक स्नेहल नागपूरहून घोरपड घेऊन आली.

स्नेहल भूजलाच्या खात्यात होती. घोरपड म्हणजे मनगटाएवढं जाड, दीड हात लांब यंत्र. जुन्या बोअरमध्ये सोडलं की ते भिंतीला पकडून खाली उतरायचं, म्हणून ते बनवणाऱ्या पोरांनी त्याला हे नाव दिलं होतं. घोरपडीच्या शेपटीला काचेचा धागा होता, केसाहून जरासा जाड. त्या धाग्यातून उजेडाचे ठोके जात. भोवती जिथे पाणी हललं तिथे धागा थरथरे, आणि परत येणारा उजेड ती थरथर सोबत घेऊन येई. कितव्या फुटावर काय चाललंय, हे वर स्क्रीनवर दिसे. थोडक्यात, नऊशे फूट लांबीचा कान. शिवाय तिच्या पोटात भिजली की फुगणारी माती भरलेली असे. गळती सापडली की ती तिथेच माती ओकून भोक कायमचं बुजवी.

पहिली चाचणी स्नेहलने स्वतःच्या परसात घेतली. तिथे मोरेश्वरने स्वतःच मारलेली सातशे ऐंशी फुटांची कोरडी बोअर होती. स्वतःच्या घरी हात का चालला नाही, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, वैद्याला स्वतःचं औषध लागू पडत नाही.

अर्ध्या तासाने स्नेहलने त्याला हाक मारली. "बाबा, हे पाहा जरा."

स्क्रीनवर तळापासून वरपर्यंत एक निळी रेघ चढत गेली होती आणि दोनशे अठ्ठेचाळीस फुटांवर एकाएकी थांबली होती.

"काय होय हे?"

"पाणी. खालून वर येऊन राहिलंय आणि दोनशे अठ्ठेचाळीसवर बाजूला निघून जातंय. रात्रंदिवस."

"कोरडी हाये ते बोअर," मोरेश्वर म्हणाला. "मीच मारली हाये."

स्नेहल आत गेली आणि कपाटातून सलाईनची बाटली आणि नळी घेऊन आली. गेल्या वर्षी मोरेश्वरच्या मूतखड्याच्या वेळी आणलेली, तशीच राहिलेली. तिने बाटलीत पाणी भरलं, ती खुंटीला टांगली आणि नळी जमिनीवर सोडून तिचं तोंड चिमट्याने बंद केलं.

आमडगावच्या खालची जमीन तिने त्याला त्या नळीवर दाखवली. वर पाचशे फूट काळा दगड, लाव्ह्याचे थर एकावर एक. त्याखाली लाल चिकण मातीचा जाड थर, ज्यातून पाणी आरपार जात नाही. त्याच्याही खाली वाळूचा दगड, रव्याच्या लाडवासारखा दाणेदार आणि पाण्याने गच्च. हा वाळूचा दगड पूर्वेकडे चढत जातो आणि तीस किलोमीटरवर, जंगलातल्या टेकड्यांवर, उघडा पडतो. पाऊस तिथे त्यात मुरतो आणि हळूहळू इकडे उतरतो, इतका हळू की इथे पोचायला हजारो वर्षं लागतात. वर मातीचं झाकण, खाली कठीण बूड. पाणी मध्ये कोंडलेलं, आणि त्याच्या पाठीवर टेकड्यांच्या उंचीचा सगळा भार.

"टेकडी म्हणजे ही बाटली," स्नेहल म्हणाली. "नळी म्हणजे आपला वाळूचा दगड." तिने नळीला सुई टोचली. बारीक धार उसळून मोरेश्वरच्या गुडघ्यापर्यंत उडाली. "झाकणाला भोक पाडलं की पाणी आपणहून वर येतं. मोटर नाही, वीज नाही. बाटलीच्या उंचीपर्यंत चढायला पाहतं."

"मंग माह्या बोअरमध्ये काऊन नाही चढलं?"

तिने उत्तर देण्याआधीच त्याला उत्तर कळलं असावं, कारण तो खाटेवर बसला.

बोअरवाल्यांचा एक नियम होता: काळा दगड लागला की केसिंग बंद. केसिंग म्हणजे भोकात घालायचा लोखंडी पाइप. वरची मऊ माती ढासळू नये म्हणून तीस-चाळीस फूट तो घालायचा. पुढे दगड स्वतःच्या पायावर उभा राहतो, तिथे पाइप घालणारा येडा. सगळ्या काळ्या दगडाच्या मुलखात हा नियम बरोबर होता. पण आमडगावच्या काळ्या दगडात दोनशे अठ्ठेचाळीस फुटांवर एक सच्छिद्र थर होता. बोअरवाले त्याला मांजऱ्या म्हणतात. विहिरींनी आणि उथळ बोअरींनी तो केव्हाच उपसून कोरडा केला होता. खालून दाबाने चढणारं पाणी त्या थरापाशी आलं की तिथे पाइप नव्हता. पाणी रिकाम्या मांजऱ्यात शिरायचं आणि त्यातून झिरपत सात कोसांवर नदीला मिळायचं.

मोरेश्वरला ते सगळं आठवत होतं. लाल माती वर यायची, मग रव्यासारखी वाळू, मग एकदम पाण्याचा फवारा, आणि दहा मिनिटांत सगळं गपगार. "पानी पळालं," असं तो मालकाला सांगायचा. मग वरचा पाइप उपटून घ्यायचा, कारण कोरड्या बोअरमध्ये पाइप कोण ठेवतो, आणि भोकावर फरशी टाकून, माती लोटून निघून जायचा.

"अशा किती मारल्या, बाबा? लाल मातीच्या खाली गेलेल्या?"

"त्रेसष्ट," तो म्हणाला. आठवायला त्याला क्षणही लागला नाही.

स्नेहलने नळीला सुईने भराभर टोचलं. कारंजं खाली बसलं. मग नुसते थेंब राहिले.

"तुह्या ह्या सरड्याले काही कळत नाही," असं म्हणून मोरेश्वर चपला घालून निघाला. बस थांब्यावर, जिथे तीन वर्षांत बस आली नव्हती, तिथे तो जेवणवेळेपर्यंत बसून राहिला. त्याला राग आला होता, आणि राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तो जास्तच आला होता. बावीस वर्षं ज्या गावाला पाणी दिलं म्हणून त्याने मान घेतला, त्या गावाचं पाणी त्यानेच भोकाभोकाने सांडून टाकलं होतं. घरी येऊन तो ताटावर बसला आणि म्हणाला, "बुजवता येतीन का?"

"सगळ्या बुजवल्या तर दाब परत येईल. पण सापडायला पाहिजेत. पाइप उपटलेले, वरून नांगर फिरलेला, घरं झालेली. माझ्या यंत्राला लोखंड लागतं ओळखायला."

"यंत्र कायले पायजे," मोरेश्वर म्हणाला.

त्याच्याकडे वही नव्हती की नकाशा नव्हता. बोअर मारायच्या दिवशी मालकाच्या घरी मशीनवाल्यांना जेवण असे, आणि मोरेश्वरला प्रत्येक बोअर त्या जेवणावरून आठवत होती. "पुंडलिकच्या वावरात पातोडीचा रस्सा. जेवाले बसलो ते चिंचेखाली, अन् मशीन होती चिंचेपासून तीस पावलं, विहिरीच्या अंगाले." चिंच गेली होती, विहीर बुजली होती, पण तीस पावलं चालून त्याने काठी रोवली आणि दोन हात खणल्यावर फरशी लागली. "सुदामच्या घरी वांग्यात मीठ जास्त झालतं," असं म्हणून तो दुसऱ्याच्या कुंपणात शिरला आणि तिथेही फरशी निघाली. स्नेहल हसून हसून बेजार झाली.

लोकांना सांगितलं होतं, पाण्याची तपासणी चालू आहे. ते स्नेहलनेच सुचवलं होतं. "अहवालात मी फक्त 'जुन्या बोअर' लिहिते, बाबा. नावाची गरज नाही." मोरेश्वर त्यावर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. गप्प राहिला, म्हणजे हो म्हणाला.

दरम्यान शाळेच्या मैदानात खात्याने एक नवी बोअर मारली. ही मात्र रीतसर. लाल मातीच्या तळापर्यंत अखंड पाइप आणि पाइपाच्या बाहेरून सिमेंट, म्हणजे पाण्याला पळायला वाट नाही. तिच्यातलं पाणी हे गावाच्या नाडीसारखं होतं. सुरुवातीला ते दोनशे तीस फूट खोल होतं. वीस भोकं बुजली तेव्हा एकशे ऐंशीवर आलं. चाळीसला एकशे दहा. सहा महिन्यांनी, बासष्ट भोकं बुजल्यावर, पाणी एकतीस फुटांवर येऊन अडलं आणि काही केल्या वर येईना.

त्रेसष्टावं भोक वासुदेव भोयरच्या घराखाली होतं.

वासुदेव हा मोरेश्वरचा शाळेपासूनचा दोस्त. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या संत्र्याच्या बागेसाठी मोरेश्वरने आठशे साठ फुटांची बोअर मारली, गावातली सगळ्यात रुंद. कोरडी गेली. चारशे झाडं वाळली, ती तोडून वासुदेवने त्याच वावरात घर बांधलं. तेव्हापासून त्याला गाव करंटा म्हणत आलं. मोरूभाऊचा हात लागूनही ज्याच्या जमिनीत थेंब नाही, तो करंटाच. सोयरिकीच्या सुपारीला त्याला कोणी पुढे बसवत नसे. पेरणीच्या दिवशी तो समोरून आला तर लोक बैल थांबवून तंबाखू मळत बसत. दोघा दोस्तांत भांडण झालं नव्हतं. फक्त बोलणं संपलं होतं.

मोरेश्वर सकाळी त्याच्या दारात गेला. वासुदेव भेंड्या निवडत बसला होता.

"वासुदेव, तुह्या घरात खोदा लागते."

"स्वयंपाकखोलीत," वासुदेव मान वर न करता म्हणाला. "माहीत हाये मले. ओट्याच्या खाली हाये ते फरशी. कायले पायजे?"

तपासणी, असं म्हणायचं मोरेश्वरच्या जिभेवर होतं. चांगला पाठ झालेला शब्द होता, सहा महिने चालला होता. पण समोर भेंड्या निवडणारा तो वाळका हात पाहून त्याला तो उच्चारवला नाही.

"तुह्या बोअरले पानी लागलं होतं," तो म्हणाला. "भरपूर लागलं होतं. खालून अडीचशेपर्यंत चढलं अन् मांजऱ्यात शिरलं. पाइप खालपर्यंत घालाले पायजे होता. मी नाही घातला. मले समजलंच नाही. तुही जमीन कोरडी नव्हती, वासुदेव. माही चूक होती."

वासुदेवच्या हातातली भेंडी तशीच राहिली. त्याने अंगणाकडे पाहिलं, जिथे बाग होती तिकडे.

"चारशे झाडं होती, मोऱ्या."

"हाव."

"म्हंजे खाली पानी होतं?"

"अजूनही हाये. आतासुद्धा वाहून राहिलं, तुह्या ओट्याखालून."

मोरेश्वर शिव्या खायला तयार होऊन आला होता. मार खायलाही. पण वासुदेव उठला, आत गेला आणि बायकोला म्हणाला, "शोभा, ऐकलं का? आपल्या वावरात पानी होतं." मग तेच त्याने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच. एकोणीस वर्षं अंगाला चिकटलेला शब्द असा एका सकाळी गळून पडेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने मोरेश्वरला माफ केलं असं नाही. पण मागच्या खोलीतून पहार आणली आणि ओट्यावरचा पहिला घाव स्वतः घातला.

घोरपड दुपारी उतरली आणि संध्याकाळी वर आली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानातलं पाणी जमिनीच्या पातळीला आलं आणि थांबलं नाही.

रविवारी सकाळी अख्खं गाव मैदानात जमलं. बोअरच्या तोंडावर पंधरा फूट उंच पारदर्शक नळी उभी केली होती आणि तिच्या बुडाशी मोठी चावी असलेला नळ होता. स्नेहलने खालची झडप उघडली. पाणी नळीत चढू लागलं. गुडघ्याला आलं, छातीला आलं, माणसाच्या डोक्यावर गेलं. कुठेही मोटरचा आवाज नव्हता, विजेची तार नव्हती. अकरा फुटांवर जाऊन पाणी स्थिर झालं आणि उन्हात चमकत उभं राहिलं. मग तिने नळ उघडला आणि मांडीएवढी धार मैदानावर पडली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी धोतर सावरत त्यात पाय घातले. बायकांनी ओंजळी भरल्या. कोणीतरी डफ आणला. टँकर शुक्रवारचा चुकून आज आला होता. तो चौकात चाळीस मिनिटं एकटाच उभा राहिला आणि निघून गेला, आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

सरपंच मंदाताई माइकवर आल्या. त्यांनी स्नेहलचं कौतुक केलं, खात्याचं केलं, आणि मग म्हणाल्या, "पण खरी गोष्ट सांगू का? हा मोरूभाऊचा हातगुण आहे." टाळ्यांनी मैदान दणाणलं. त्यांनी हातातला गठ्ठा वर केला. "सदतीस अर्ज आलेत. ज्याला त्याला आपल्या वावरात अशीच बोअर पाहिजे, आणि जागा मोरूभाऊनेच दाखवायची. या, मोरूभाऊ."

मोरेश्वरने स्नेहलकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. सदतीस नवी भोकं, म्हणजे दोन वर्षांत पुन्हा तेच थेंब. तिने तसं सांगितलं तर लोक म्हणणार, शिकलेली पोर, हिला काय कळतं. मोरेश्वरने नको म्हटलं तर म्हणणार, भाऊ नम्र आहेत. मग दुसऱ्या कोणाची मशीन आणणार. समोर सदतीस घरं हात जोडून उभी होती आणि त्यांचा त्याच्या हातावर विश्वास होता. त्या विश्वासाइतकी गोड गोष्ट त्याने आयुष्यात चाखली नव्हती. वासुदेव मागच्या रांगेत होता. तो काही बोलणार नव्हता, हे मोरेश्वरला पक्कं ठाऊक होतं.

त्याने माइक घेतला. टोपी काढून खिशात घातली.

"हातगुण नाही," तो म्हणाला. "सहा महिने आमी तपासनी करून राहिलो म्हणून सांगतलं. ते खोटं होतं. आमी भोकं बुजवून राहिलो होतो. त्रेसष्ट भोकं. सगळी माह्या हातची. ज्याले मी कोरडी म्हणून सांगतलं, त्या प्रत्येक बोअरले पानी होतं. पाइप अर्धवट घातला म्हणून ते पळालं. तुमचं नशीब खराब नव्हतं. वासुदेवचं तर नव्हतंच. जे सांडलं, ते म्या सांडलं."

डफ थांबला. धारेचा आवाज तेवढा राहिला.

"अन् आता सांगतो ते ऐका. हे पानी एकाच नळीतलं हाये. एक भोक असलं तं पानी आपोआप वर येऊन गावाले पुरते. सदतीस पाडले तं सदतीस जनांले खालून ओढा लागते, अन् मंग ओढूनही येत नाही. म्या हे एकदा करून पाह्यलं हाये. मले विचारा."

मग पुढच्या रांगेतली पंचफुलाबाई उठली. सत्तरी पार केलेली, मानेत कायमची कळ असलेली. ती काठी टेकत अगदी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वीस सालं म्या डोक्यावर पानी वाह्यलं, मोरूभाऊ. नाल्यापासून."

"हाव."

"तुह्या पायी?"

"माह्या पायी."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मोरेश्वरने नजर खाली वळवली नाही. ते त्याला आयुष्यातल्या कुठल्याही बोअरपेक्षा जड गेलं.

"मंग आता बोलून कायले राहिला," ती म्हणाली. "बंद कर तो नळ. पानी वाया चाललं."

मोरेश्वर नळापाशी गेला. चावी जड होती, दोन्ही हातांनी फिरवावी लागली. धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. वर नळीत खाली उतरलेलं पाणी पुन्हा चढायला लागलं. सहा फूट, आठ, दहा. वासुदेव मागून चालत पुढे आला आणि त्याच्या शेजारी उभा राहून वर पाहू लागला. अर्जवाल्यांपैकी एकाने मंदाताईंच्या हातातून आपला कागद मागून घेतला, घडी करून खिशात घातला. मग दुसऱ्याने. पाणी अकरा फुटांवर पोचलं आणि तिथेच उभं राहिलं, कोणीही न धरता.

पहिली टाळी पंचफुलाबाईने वाजवली. मग सगळ्या मैदानाने.